आवाजाचा पत्ता: स्वीडनचं नवं रॉक, ब्लूज आणि मेटल कसं ऐकावं

मिरजेच्या काकांनी एकदा माझा हेडफोन कानाला लावला, लागोपाठ तीन गाणी ऐकली आणि विचारलं, "हे तिघं वेगवेगळे आहेत होय रे? मला तर एकच मशीन चालल्यासारखं वाटलं." काकांची हयात तबला शिकवण्यात गेली. अशा कानाला फरक कळला नाही, तर दोष कानाचा नसतो. नेमकं काय ऐकायचं हे मी सांगितलंच नव्हतं. तेव्हा राहून गेलेलं आता लिहून काढतोय.

ती तिन्ही गाणी स्वीडनमधली होती: एक स्टॉकहोमचं, एक गॉथेनबर्गचं, एक थेट उत्तरेकडच्या उमेओचं. या देशाची लोकसंख्या एक कोटी सहा लाखांच्या आसपास, म्हणजे महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्श्याहून कमी. तरी हार्ड रॉक आणि त्याहून जड, कर्कश अशा मेटलच्या नव्या अल्बमांची यादी काढली, की दर महिन्याला एखादं ठळक स्वीडिश नाव सापडतंच. २०२४ च्या ऑगस्टपासून २०२५ च्या ऑक्टोबरपर्यंत ब्लूज पिल्स, डार्क ट्रँक्विलिटी, ओपेथ, द हेलो इफेक्ट, द हेलाकॉप्टर्स, आर्च एनिमी, घोस्ट, विचक्राफ्ट, कॅटाटोनिया आणि सबाटॉन या सगळ्यांचे अल्बम आले. ही यादी पाठ करून उपयोग नाही. या प्रत्येक आवाजाला एक पत्ता आहे. कुठल्या गावचा, कुठल्या स्टुडिओतला, कुठल्या यंत्रातून निघालेला, हे थोड्या सवयीनं ऐकूनच ओळखता येतं. आपण गवई ऐकताना घराणं ओळखतो, तसंच.

आधी त्या "मशीन"बद्दल बोलू, कारण बहुतेकांची वाट तिथंच अडते.

इलेक्ट्रिक गिटारचा मूळ आवाज अगदी साधा, स्वच्छ असतो. तो अॅम्प्लिफायरला झेपणार नाही इतका मोठा केला, की ध्वनिलहरीचे वरचे-खालचे गोल माथे सपाट कापले जातात. असे माथे कापले गेले, की मूळ स्वराच्या जोडीला त्याचे दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर उमटतात. आवाज खरखरीत होतो, भरगच्च होतो आणि लांबतोही. यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. हे नुसतं बिघडणं वाटत असेल, तर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एखादा कारागीर तानपुऱ्याची जवारी काढत असताना शेजारी बसून पाहावं. घोडीचा माथा तो अशा बेतानं घासतो, की तार तिला जरा घासून जाईल. मग तारेखाली दोरा सरकवत सरकवत एक जागा सापडते आणि तिथं तानपुरा बोलायला लागतो. तो गुंजारवसुद्धा घासण्यातूनच आलेला, उपस्वरांनी भरलेला आवाज आहे. एकीकडे तार लाकडाला किंवा हाडाला घासते, दुसरीकडे विजेची लहर मर्यादेला घासते. दोन्हीकडे हेतू एकच: स्वराच्या पोटातले स्वर बाहेर काढायचे.

आता पुढचा प्रश्न. रॉक आणि मेटलमधले गिटारवादक सतत दोनच स्वर एकत्र का छेडतात? त्याला पॉवर कॉर्ड म्हणतात आणि त्यात असतात फक्त सा आणि प. तानपुराही बहुधा याच दोन स्वरांत लावतात, आणि कारणही जवळचंच आहे. सा आणि प यांच्या कंपनांचं नातं २:३ असं सोपं आहे. डिस्टॉर्शनमधून दोन स्वर एकदम गेले, की त्यांच्या फरकाचा तिसरा स्वर आपोआप तयार होतो. समजा सा ११० कंपनांचा आहे आणि प १६५ चा. फरक येतो ५५, म्हणजे बरोबर खर्जातला सा. कुणीही न वाजवलेला तो खालचा सा छातीत जाणवतो. मेटलचं वजन म्हणतात ते बरंचसं यातून येतं. याच जोडीत गंधार घातला तर? गिटारच्या पडद्यांवरचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा थोडा चढा असतो. हार्मोनियमच्या गंधारावरून गायक मंडळी जी तक्रार करतात तीच ही. साध्या आवाजात तो चढेपणा खपून जातो, डिस्टॉर्शनमध्ये मात्र त्याचा नुसता गढूळ कल्लोळ होतो. म्हणून गंधार वगळायचा आणि सा-प ठेवायचे. आनंदी की उदास, हे ठरवणारा स्वरच काढून टाकलेला असतो. ते काम मग वरच्या सुरावटीनं करायचं. हे लक्षात ठेवा, गॉथेनबर्गला गेल्यावर उपयोगी पडेल.

पण आधी स्टॉकहोम. इथल्या आवाजाचा पत्ता एका छोट्या पेडलवर, म्हणजे गिटारवादक पायानं चालू-बंद करतो त्या डबीवर, लिहिलेला आहे. बॉस या जपानी कंपनीनं १९८३ मध्ये एचएम-२ नावाचं डिस्टॉर्शन पेडल काढलं. त्यावर चार बटणं होती. फारसं चाललं नाही आणि १९९१ मध्ये ते बंद झालं. दरम्यान स्टॉकहोमच्या पोरांनी एक गोष्ट करून पाहिली होती: चारही बटणं शेवटपर्यंत फिरवायची. त्यातून जो आवाज निघाला त्याला लोक आजही यांत्रिक करवतीचा आवाज म्हणतात, आणि ऐकल्यावर दुसरं नाव सुचत नाही. टोमास स्कूग्सबेरी याच्या सनलाइट स्टुडिओत एंटूम्ड या बँडनं १९९० चा 'लेफ्ट हँड पाथ' याच आवाजात केला. पुढच्याच वर्षी डिसमेंबर या बँडचा पहिला अल्बमही तिथंच घडला. त्या करवतीनं जगभरातल्या डेथ मेटलला, म्हणजे मेटलच्या गुरगुरत्या गळ्याच्या जहाल शाखेला, इतकं वेड लावलं, की बंद पडलेल्या पेडलच्या जुन्या प्रतींचे भाव चढत गेले आणि २०२० मध्ये कंपनीला नवी आवृत्ती जाहीर करावी लागली. आज एखाद्या नव्या डेथ मेटल बँडमध्ये, मग तो कुठल्याही देशातला असो, ती करवत ऐकू आली तर समजावं, हे स्टॉकहोमचं घराणं.

'लेफ्ट हँड पाथ' आला तेव्हा त्यावर ड्रम वाजवणारा नीके अँडरसन अजून १८ वर्षांचाही झाला नव्हता. याच माणसानं १९९४ मध्ये द हेलाकॉप्टर्स हा बँड काढला, ड्रम सोडून गिटार धरली आणि गायलाही लागला. डेथ मेटलमधून तो सरळ जुन्या, वेगवान रॉक अँड रोलकडे वळला. २००८ मध्ये बँड थांबला, २०१६ मध्ये परत उभा राहिला. १४ वर्षांच्या खंडानंतर २०२२ मध्ये 'आइज ऑफ ऑब्लिव्हियन' आणि ३१ जानेवारी २०२५ ला 'ओव्हरड्रायव्हर' आला. 'ओव्हरड्रायव्हर' मी नवख्या माणसाला पहिल्यांदा ऐकवतो. यात करवत नाही. डिस्टॉर्शन आहे, पण कमी. गिटारच्या तारेवर पडलेलं बोट ऐकू येतं. अधूनमधून पियानो वाजतो. गाणी छोटी आहेत आणि प्रत्येकाला गुणगुणता येईल असं ध्रुवपद आहे. एकच माणूस दोन टोकांच्या संगीतात इतका सहज वावरतो, हे स्वीडनमध्ये नवल नाही. तिथं बँड वेगळे असतात, माणसं बरेचदा तीच असतात.

याचा सगळ्यात सुंदर दाखला गॉथेनबर्गचा. (तिथले लोक आपल्या शहराला योतेबोरी म्हणतात.) इन फ्लेम्स आणि डार्क ट्रँक्विलिटी हे तिथले दोन मोठे बँड. डार्क ट्रँक्विलिटीच्या १९९३ च्या पहिल्या अल्बमवर गायला अँडर्स फ्रिडेन, आणि इन फ्लेम्सच्या १९९४ च्या पहिल्या अल्बमवर मिकाएल स्टाने. नंतर दोघांची अदलाबदल झाली आणि दोघंही आज आपापल्या नव्या घरी स्थिरावलेले आहेत. इन फ्लेम्सचा 'फोरगॉन' फेब्रुवारी २०२३ मध्ये आला, डार्क ट्रँक्विलिटीचा 'एंडटाइम सिग्नल्स' ऑगस्ट २०२४ मध्ये. गोष्ट इथं संपत नाही. इन फ्लेम्समधून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडलेल्या वादकांनी एकत्र येऊन द हेलो इफेक्ट हा बँड केला आणि गायला बोलावलं ते स्टानेलाच. त्यांचा दुसरा अल्बम 'मार्च ऑफ द अनहर्ड' जानेवारी २०२५ चा.

गॉथेनबर्गचा पत्ता कसा ओळखायचा? मघाचा काढून टाकलेला गंधार आठवा. खाली एक गिटार सा-प चं वजन धरून असते आणि वर दुसरी, बऱ्याचदा दोन गिटारी जोडीनं, सलग सुरावट वाजवतात. या सुरावटीत बहुधा कोमल गंधार आणि कोमल धैवत असतात. गायक ओरडत असतो, ड्रम धावत असतात, पण वरची सुरावट एखाद्या लोकगीतासारखी गाता येते. जोडगिटारीची ही कल्पना इंग्लंडच्या आयर्न मेडनसारख्या बँडकडून आली. तिच्यात भरलेली उदासी मात्र स्वीडनची. त्यांच्या भाषेत 'वेमूद' असा एक शब्द आहे. दुःख नाही, निराशाही नाही. काहीतरी सुंदर हातून निसटत चाललंय आणि ते निसटताना आपण बघतोय, अशी अवस्था. मराठीत 'हुरहूर' म्हटलं की अर्थ पोचतो. तिथल्या लोकगीतांमध्ये ही हुरहूर जागोजागी आहे. गॉथेनबर्गच्या पोरांनी ती उचलून ताशी दोनशेच्या वेगात बसवली.

या शहरातला तिसरा बँड अॅट द गेट्स. १९९५ चा त्यांचा 'स्लॉटर ऑफ द सोल' फ्रेडमन स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला आणि पुढच्याच वर्षी बँड मोडला, तो बऱ्याच वर्षांनी परत जमला. पण अमेरिकेतल्या पोरांनी तो अल्बम इतका घोटला, की पुढच्या दशकातल्या मेटल आणि पंकच्या मिश्रणातून निघालेल्या कितीतरी अमेरिकन मेटलकोर बँडच्या गिटारींमध्ये तोच ऐकू येतो. गायक टोमास लिंडबर्ग एरवी शाळेत शिक्षक होता. कर्करोगानं १६ सप्टेंबर २०२५ ला, वयाच्या ५२ व्या वर्षी तो गेला. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी स्टुडिओत जाऊन त्यानं नव्या अल्बमची गाणी एका दिवसात गाऊन ठेवली होती. त्याचा आवाज ऐकताना मला नेहमी वाटायचं, हा माणूस ओरडत नाहीये, कळवळून काहीतरी सांगतोय. आता तर ते फारच वाटतं.

आता उमेओ. स्टॉकहोमपासून रस्त्यानं सहाशेहून अधिक किलोमीटर उत्तरेला, जिथं डिसेंबरात सूर्य जेमतेम साडेचार तास दिसतो. इथं १९८७ मध्ये मेशुगा हा बँड सुरू झाला. त्यांचा 'इम्यूटेबल' हा अल्बम १ एप्रिल २०२२ चा, या यादीत थोडा जुना. तरी त्याला सगळ्यात जास्त जागा देतोय, कारण मराठी वाचकाला मेशुगा समजावणं युरोपातल्या वाचकाला समजावण्यापेक्षा सोपं आहे. आपल्याकडे सम हा शब्द आहे.

मेशुगाच्या गाण्यात ड्रमर टोमास हाके उजव्या हातानं झांजेवर सरळ चाराचे ठोके देत राहतो. एक-दोन-तीन-चार, अगदी घड्याळासारखं. त्याचे पाय मात्र त्या चारात नसतात. पाय आणि गिटार मिळून दुसराच एक बोल वाजवतात आणि त्याची लांबी चारात बसत नाही. समजा तो बोल सात मात्रांचा आहे. पहिल्यांदा तो झांजेबरोबर सुरू होतो. दुसऱ्यांदा सुरू होताना झांज असते तिसऱ्या चौकडीच्या नव्हे, दुसऱ्या चौकडीच्या शेवटच्या ठोक्यावर. तिसऱ्यांदा आणखी पुढे सरकलेला. ऐकणाऱ्याला वाटतं, लय सुटली. सुटलेली नसते. ३२ मात्रांचं आवर्तन धरलं, तर साताचा बोल चार वेळा पूर्ण बसतो आणि २८ होतात. उरलेल्या चार मात्रांत तो बोल पाचव्यांदा सुरू होतो, पण चारावरच कापला जातो, आणि पुढच्या ठोक्याला झांज, पाय, गिटार सगळे एकदम समेवर. बोल साताऐवजी आणखी लांब आणि वेडावाकडा असू शकतो, पण युक्ती बहुधा हीच.

तिहाईशी याचं नातं जवळचं आहे, पण उलट्या बाजूनं. तिहाईत बोल तीन वेळा पूर्ण वाजतो आणि त्याचं शेवटचं अक्षर बरोबर समेवर पडेल असा हिशेब आधीच केलेला असतो. मेशुगा बोल वाजवत सुटतात आणि सम आली की कापतात. दोन्हीकडे मजा त्याच एका क्षणाची: आता चुकणार, आता चुकणार, आणि सगळं जागेवर.

काकांना मी हे सांगितलं आणि तेच गाणं पुन्हा लावलं. म्हटलं, गिटारकडे लक्ष देऊ नका, फक्त झांज धरा. त्यांनी मांडीवर तीनताल धरला. १६ ची दोन आवर्तनं म्हणजे ३२. पहिल्या फेरीत ते हरवले. दुसऱ्या फेरीत डोळे मिटले. तिसऱ्या फेरीला समेवर त्यांचा हात आणि ड्रम एकत्र पडले, आणि आपल्याकडच्या मैफलीत येते तशी मान हलली. "अरे, हा तुकडा कापून येतोय," ते म्हणाले. "परत लाव."

मेशुगाची गिटारही नेहमीची नसते. सहाऐवजी आठ तारांची असते आणि सगळ्यात खालची तार बास गिटारच्या मुलखात शिरलेली. इतक्या खाली स्वर स्वर राहत नाही, आघात होतो. म्हणून त्यांची गिटार डग्ग्यासारखी ऐकली, की जास्त कळते.

आता गळ्याकडे येऊ, कारण "हे असं का ओरडतात" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. मेटलमधल्या खोल गुरगुरण्याला ग्राउल म्हणतात. आपल्या घशात स्वरतंतूंच्या जरा वर मांसल पडद्यांची आणखी एक जोडी असते. एरवी बोलताना ती गप्प असते. जड वजन उचलताना, खाकरताना जवळ येते. ग्राउल करणारा गायक पोटातून नेमका श्वास देऊन हीच जोडी थरथरवतो. नीट शिकलेला गायक दीड-दोन तास हे करून दुसऱ्या दिवशी शांतपणे बोलू शकतो. नुसतं ओरडणाऱ्याचा घसा तासाभरात बसतो. म्हणजे तीही एक तालीमच आहे आणि तिच्यात चांगलं-वाईट असतं.

स्टॉकहोमच्या ओपेथचा मिकाएल ओकरफेल्ड्ट या बाबतीत फार वरच्या जागेवर आहे. त्याचं साधं गाणं मखमली आणि ग्राउल जमिनीखालून आल्यासारखं. २००८ च्या 'वॉटरशेड'नंतर त्यानं अल्बममधून ग्राउल बंद केलं. पुढचे चार अल्बम साध्या आवाजात आले. त्यातला २०१९ चा तर दोनदा निघाला, एकदा स्वीडिशमध्ये आणि एकदा इंग्रजीत. त्याच वर्षाच्या शेवटी ओपेथ पुण्याच्या एनएच७ वीकेंडर या संगीत महोत्सवाला आले होते. महाराष्ट्रात या बँडवर जीव लावणारे किती आहेत, हे तेव्हा दिसलं.

मग २२ नोव्हेंबर २०२४ ला आला 'द लास्ट विल अँड टेस्टमेंट', आणि १६ वर्षांनी ग्राउल परत आलं. जुन्या चाहत्यांची हौस म्हणून ते आलेलं नाही, कथेला त्याची गरज होती. पहिल्या महायुद्धानंतरचा काळ. एका श्रीमंत घरातला कर्ता पुरुष वारला आहे आणि मुलांसमोर त्याचं मृत्युपत्र वाचलं जातंय. पहिल्या सात गाण्यांना नावंच नाहीत. कायद्याच्या कागदावर असतं तसं कलमाचं चिन्ह आणि आकडा: कलम १, कलम २, असं कलम ७ पर्यंत. नाव आहे ते फक्त आठव्या, शेवटच्या गाण्याला. मेलेल्या बापाचा दरारा आणि त्यानं दडवलेली गुपितं जिथं बोलतात, तिथं ग्राउल अंगावर काटा आणतं. मध्येच जेथ्रो टल या इंग्लिश रॉक बँडचा इयान अँडरसन बासरी वाजवतो आणि निवेदनही करतो. आणि कलम २ मध्ये एक पाहुणा गातो: युरोप या बँडचा जोई टेंपेस्ट. १९८६ चं 'द फायनल काउंटडाउन' ज्यांनी शाळेच्या गॅदरिंगमध्ये कीबोर्डवर ऐकलं असेल, त्यांना तो आवाज ओळखीचा आहे. स्वीडनचं सगळ्यात गोड हार्ड रॉक आणि सगळ्यात गुंतागुंतीचं मेटल असं एकाच मृत्युपत्रावर सही करतं. शेवटच्या गाण्यात काय उघड होतं ते सांगत नाही. शब्द समोर ठेवून ऐका.

ब्लूजचा पत्ता ओरेब्रू या मधल्या आकाराच्या शहरातला. तिथं नॉरशेन नावाचा बँड होता, २००० च्या सुमारास मोडला. त्यातल्या माग्नुस पेलांडरनं विचक्राफ्ट काढला, योआकिम निल्सन गॉथेनबर्गला जाऊन ग्रेव्हयार्ड उभारणाऱ्यांत सामील झाला. दोघांनीही १९७० च्या आसपासचा आवाज पुन्हा जिवंत केला: जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या व्हॉल्व्हचे अॅम्प्लिफायर, कमी डिस्टॉर्शन, सगळ्यांनी एका खोलीत बसून एकत्र वाजवणं. ब्लूजची गिटार आपल्या कानाला लवकर पटते, कारण ती स्वरांवर उड्या मारत नाही. तार ओढून एका स्वरातून दुसऱ्यात जाते, मींडेसारखी. कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधल्या जागी ती मुद्दाम रेंगाळते आणि तीच ब्लूजची दुखरी जागा. ग्रेव्हयार्डच्या २०११ च्या अल्बमचं नाव 'हिसिंगेन ब्लूज'. हिसिंगेन म्हणजे गॉथेनबर्गचं ते बेट, जिथं एके काळी मोठमोठ्या जहाजबांधणी गोद्या होत्या आणि एकेक करून बंद पडल्या. ब्लूज जिथं जन्मलं त्या अमेरिकेतल्या मिसिसिपीचं दुःख उसनं आणलेलं नाही, घरचं आहे. सप्टेंबर २०२३ चा त्यांचा '६' आणखी संथ झालाय, आणि मला तो त्यामुळेच आवडला.

ओरेब्रूचाच ब्लूज पिल्स. एलिन लार्शन इतक्या मोकळ्या, भरदार गळ्यानं गाते, की पहिल्याच ओळीला खोली भरते. २ ऑगस्ट २०२४ चा 'बर्थडे' जुन्या ब्लूजपासून जरा दूर, सोल या अमेरिकन गायनशैलीच्या आणि पॉपच्या जवळ गेलाय. विचक्राफ्टनं मे २०२५ मध्ये 'इदाग' काढला. स्वीडिशमध्ये याचा अर्थ 'आज', आणि बरीच गाणीही स्वीडिशमध्येच आहेत. शब्द कळत नाहीत, तरी पेलांडर आपल्या भाषेत गाताना जास्त हळवा होतो, हे कळतं.

घोस्टबद्दल थोडक्यात. लिंशॉपिंगच्या टोबियास फोर्जचा हा मुखवट्यांचा खेळ. २५ एप्रिल २०२५ चा 'स्केलेटा' अमेरिकेतल्या अल्बमांच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेला, पहिल्या आठवड्यात सुमारे ८६ हजार प्रतींच्या बरोबरीनं. २०२० मधल्या एसी/डीसी या बँडच्या अल्बमनंतर हार्ड रॉकला ते पहिल्यांदाच जमलं. गाणी ऐकली की कारण कळतं. पोशाख स्मशानातले, पण चाली अशा, की दुसऱ्यांदा ऐकताना तोंडात येतात. फोर्जही आधी डेथ मेटल बँडमध्ये होता. फालूनच्या सबाटॉनचं त्याहून सोपं: ऑक्टोबर २०२५ च्या 'लेजंड्स'मध्ये हॅनिबलपासून नेपोलियनपर्यंतचे वीर आहेत, म्हणजे आपल्या भाषेत पोवाडेच.

एवढ्याशा देशात हे सगळं येतं कुठून? थंडी आणि अंधार हे उत्तर नेहमी दिलं जातं, पण थंडी आणि अंधार तर पुष्कळ देशांत आहे. माझ्या मते खरं उत्तर फार व्यवहारी आहे: शाळा आणि खोल्या. स्वीडनमध्ये १९४० च्या दशकापासून नगरपालिकांच्या संगीतशाळा उभ्या राहिल्या. देशातल्या २९० पालिकांपैकी जवळपास सगळ्यांकडे आज अशी शाळा आहे, आता नाव सांस्कृतिक शाळा. फी माफक, वाद्य भाड्यानं मिळतं. जगभरच्या पॉप गाण्यांचा कर्ता मॅक्स मार्टिन अशाच सार्वजनिक संगीतशिक्षणातून आला, आणि तोही आधी एका मेटल बँडमध्ये गायचा.

दुसरी गोष्ट अभ्यासमंडळांची. कामगार चळवळ आणि दारूबंदी चळवळ यांच्यातून तिथं प्रौढांनी एकत्र बसून शिकण्याची मंडळं सुरू झाली. कामगारांची मोठी शिक्षणसंस्था एबीएफ १९१२ ची. या संस्थांना सरकारी अनुदान मिळतं. पुढे कुणीतरी विचार केला, की चार पोरं तळघरात गिटार-ड्रम घेऊन एकत्र शिकत असतील तर तेही अभ्यासमंडळच. मग बँड नाव नोंदवायचे, तासांची नोंद ठेवायची आणि बदल्यात जवळपास फुकटात सरावाची खोली मिळायची, अनेकदा ड्रम आणि अॅम्प्लिफायरसकट. शेजाऱ्यांची तक्रार नाही, भाड्याची चिंता नाही. एकाच इमारतीत शेजारच्या खोलीत दुसरा बँड. त्याचा ड्रमर आजारी पडला तर याचा जायचा. वर सांगितलेल्या अदलाबदली बहुधा अशाच बोळांमधून झाल्या.

या खोल्यांवर आता संकट आहे. २०२४ पासून सरकारनं या शिक्षणसंस्थांच्या अनुदानाला टप्प्याटप्प्यानं कात्री लावली. २०२६ पर्यंत ही कपात वर्षाला ५० कोटी स्वीडिश क्रोनरवर जाईल असं ठरलं. मला याचं फार वाईट वाटतं. 'ओव्हरड्रायव्हर' किंवा 'स्केलेटा' करणारी माणसं आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांना खोली मिळाली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. आज ज्या पंधरा वर्षांच्या पोरीला खोली मिळणार नाही, तिचा अल्बम न आल्याचं कुणाच्याही लक्षात येणार नाही.

काकांना मी आता क्रमानं पाठवतोय. ओळख म्हणून 'ओव्हरड्रायव्हर' झाला. ग्रेव्हयार्डची मींड त्यांना आवडली, डार्क ट्रँक्विलिटीवर अजून काही बोलले नाहीत. ओपेथचं मृत्युपत्र या रविवारी, शब्द मराठीत उतरवून. 'इम्यूटेबल' मात्र त्यांनी स्वतःच मागून घेतला. परवा फोन आला, एका गाण्यातल्या बोलाच्या मात्रा त्यांनी कागदावर मांडल्या होत्या आणि हिशेब एका मात्रेनं चुकत होता. आम्ही दोघं फोनवरच परत मोजायला बसलो.